सहापैकी सहा

“सहापैकी सहा,” डॉक्टर इरा म्हणाल्या आणि कागद आमच्याकडे फिरवला. “सख्ख्या बहिणींमध्ये इतकं जुळणं चारात एकदा होतं. तुमची किडनी ताईंना छान चालेल.”

ताई रडायला लागली. तिचे मालक, इंद्रभान भाऊजी, उगाच उभे राहिले आणि परत बसले. मी माझे दोन्ही हात पदराखाली घेतले. दुपारचे तीन वाजले होते, बोटं त्या वेळी बरी असायची, तरी घेतले. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

मी धम्मशीला. चिखली तालुक्यातल्या उंद्रीत बारा वर्षं आशा म्हणून काम करते. महामाया माझी मोठी बहीण, खामगावला दिलेली, वय बेचाळीस. तिच्या दोन्ही किडन्या गेल्या आणि चौदा महिन्यांपासून ती दर मंगळवारी, शुक्रवारी मशीनवर रक्त धुवून घेत होती. भाऊजींचा रक्तगट चालत नव्हता. आईला साखर, म्हणून तिला डॉक्टरांनी दारातूनच परत पाठवलं. उरले मी. म्हणून संक्रांतीनंतर आम्ही संभाजीनगरच्या या मोठ्या हॉस्पिटलात येऊन रक्त देऊन गेलो होतो, आणि आज त्याचा निकाल होता.

“सहा म्हंजे काय सहा?” भाऊजींनी विचारलं.

“तुम्ही जिनिंगमध्ये आहात ना? कापसाच्या गठाणीवर मार्का असतो.”

“हाव. मार्क्यावरून समजते कोनाची गठान ते.”

“तसे शरीरातल्या पेशींवर मार्के असतात. कोणते, ते जनुकांवर ठरतं, अर्धे आईकडून येतात, अर्धे वडिलांकडून. रक्तात पहारेकरी फिरत असतात, ते मार्का पाहून आपलं कोण, परकं कोण ते ओळखतात. या दोघींचे सहाही मार्के एकच आहेत. त्यामुळे ताईंचे पहारेकरी या किडनीवर फारसे धावून जाणार नाहीत.”

भाऊजींना पटलं. मलाही पटलं होतं. पण मॅडमनी कागदावरच्या एका ओळीवर पेन टेकवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

“हा मार्का मात्र जरा बघावा लागतो. हा ज्यांच्यात असतो, त्यांच्यातल्या काही जणांचे पहारेकरी चुकतात आणि आपल्याच सांध्यांना परकं समजून झोडपत राहतात. ताईंचा संधिवात तोच. तुमच्या आईंचाही बहुधा तोच असावा. हा मार्का असलेल्या बहुतेकांना जन्मभर काही होत नाही, हे आधी लक्षात घ्या. धूर, तंबाखू, हिरड्यांचं दुखणं, आणखी बरंच काही जुळून यावं लागतं. पण घरात दोघींना आहे आणि मार्का तुमच्यातही आहे, म्हणून विचारते. सकाळी बोटं आखडतात? कुठे सूज?”

“नाही,” मी म्हणाले.

“नक्की? कारण तसं असेल तर मी तुमची किडनी घेणार नाही. त्या आजाराला वर्षानुवर्षं औषधं लागतात. तुम्हाला एका किडनीवर त्यात ढकलायचं, हे माझ्याच्याने होणार नाही.”

“मी आशा आहे मॅडम. मला कळतं.”

दिवाळीपासून सकाळी माझी मूठ वळत नव्हती.

का खोटं बोलले, ते सांगते. ताईला हा आजार लागला तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती, पदरात एक लेकरू. आधी बोटं सुजली, मग मनगटं. आमच्या आईला, केसरबाईला, तोच त्रास त्याच्या दहा वर्षं आधीपासून होता. चिखलीच्या एका डॉक्टरने तिला दुखण्याची एक गोळी लिहून दिली होती, फार दुखलं तरच घ्यायची आणि आठवड्याच्या वर नाही, असं बजावून. ती चिठ्ठी आईच्या पेटीत होती. आमच्या घरचं डोकं सरळ चाललं: आईचाच वात, तर आईचीच गोळी. एका घरातली चप्पल कोणीही पायात घालावी, तशी ती चिठ्ठी आम्ही ताईला घातली. चिठ्ठी घेऊन मेडिकलमध्ये गेले ती मी. पुढे चिठ्ठी दाखवायचीही गरज उरली नाही, माझं तोंडच चिठ्ठी झालं.

दर महिन्याला मी पाकिटं घ्यायची आणि खामगावच्या एसटीत बसणाऱ्या कोणाच्या तरी हाती द्यायची. ताई चार घरी पोळ्या लाटायला जायची, लग्नसराईत तर दिवसाला तीनशे. एका गोळीने हात चालेनात तेव्हा दोन खायला लागली, मग तीन. आईने मात्र सांगितल्याप्रमाणे अधूनमधूनच खाल्ली, आणि ती बाई अजून सगळ्या गावाशी भांडायला धडधाकट आहे. मधल्या काळात मी आशा झाले. गावातल्या बायांना अंगणात बसवून सांगायची की आपल्या मनाने गोळ्या खाऊ नका, दुसऱ्याची चिठ्ठी वापरू नका. दोनशेच्या वर बायांना मी सरकारी दवाखान्यात नेलं असेल, आणि सख्ख्या बहिणीला सोळा वर्षांत एकदाही सांध्यांच्या डॉक्टरकडे नेलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो माझ्या घरी नांदत होता.

किडन्या गेल्याचं कळलं त्या दिवशी डॉक्टर इरांनी ताईला विचारलं होतं, दुखण्याच्या गोळ्या किती वर्षं खाल्ल्या. ताईने माझ्याकडे पाहिलं नाही. “आठवत नाई,” म्हणाली. मला महिना न् महिना आठवत होता. तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच होतं की माझ्या पोटातल्या दोनपैकी एक तिचीच आहे, ती फक्त तिच्यापर्यंत पोचवायची आहे.

म्हणून मार्क्याची गोष्ट आईच्या कानावर घालायची नाही, हे आम्ही परतीच्या गाडीतच ठरवलं. आणि माझ्या बोटांची गोष्ट मी कोणाच्याच कानावर घालणार नव्हते.

लपवणं अवघड नव्हतं, फक्त सकाळचा एक-दीड तास निभवावा लागायचा. माझा नवरा प्रेमानंद ग्रामपंचायतीचं पाणी सोडतो, त्यामुळे तो पहाटेच वॉल्व फिरवायला जातो. तो परत येईपर्यंत मी गरम पाण्याच्या पातेल्यात हात घालून बसायची. नळ तळहाताने फिरवायची, डबा उघडायला दाराच्या फटीत धरायची. भाकरी थापायची तेवढी पंचाईत होती.

“भाकर जाड होऊन राह्यली आजकाल,” प्रेमानंद एकदा म्हणाला.

“ज्वारीच तशी हाय या सालची.”

बिचाऱ्या ज्वारीने दोन महिने माझी सगळी पापं अंगावर घेतली. लसीकरणाच्या दिवशी मी नर्सबाईंना सांगायची की तुम्ही बाटल्या काढा, मी नावं घेते. आणि गंमत अशी की ज्या गोळीने दोन तासांत बोटं मोकळी झाली असती, ती मी खाऊ शकत नव्हते. किडनी जपायची होती. रात्री अंग ठणकायचं तेव्हा गोळीचं पाकीट कुठल्या फळीवर आहे ते मला डोळे मिटून दिसायचं, आणि मी कूस बदलायची. इतकी वर्षं ताई या दुखण्यात पोळ्या लाटत होती, हे मला तेव्हा पहिल्यांदा अंगाने कळलं.

मार्चमध्ये समितीची तारीख आली. किडनी देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला वेगवेगळं बसवून विचारतात, जबरदस्ती नाही ना, पैशाचा व्यवहार नाही ना, तब्येत ठीक आहे ना. ते झालं की ऑपरेशन. तारीख दुपारी तीनची मिळाली तेव्हा मला हायसं वाटलं.

निघायच्या चार दिवस आधी आईने ताईला उंद्रीला बोलावून घेतलं आणि कासारणीला निरोप धाडला. आमच्याकडे लेक बाळंतपणाहून परत निघो की लग्नाला, माहेरातून हात भरल्याशिवाय जात नाही. मी सांगून पाहिलं की तिकडे पहिल्यांदा बांगड्याच उतरवायला लावतात.

“उतरवू दे त्यायले,” आई म्हणाली. “इथून तं भरल्या हातानं जा.”

जनकाबाई कासारीण आली, ओट्यावर पेटी उघडून बसली. माझ्या लग्नातला चुडा तिनेच भरला होता, ताईचाही. ताईच्या डाव्या हाताला तिने हात लावायचा नव्हता, त्या हातात डायलिसिसची नस आहे, ती दबलेली चालत नाही. उजव्या हाताची बोटं सगळी एका बाजूला झुकलेली. जनकाबाईने मोठ्या मापाच्या चार बांगड्या अशा हलक्या हाताने चढवल्या की ताई हसली.

मग माझा नंबर आला. दुसरं कोणतंही काम असतं तर मी टाळलं असतं. कासारीण हात कसा धरते ते ज्या बाईने चुडा भरला तिला माहीत आहे. अंगठा आत मुडपते, बोटांच्या मुळाशी चारही हाडं एकत्र दाबते आणि त्या दाबावरून बांगडी सरकवते. जनकाबाईने दाबलं आणि माझ्या डोळ्यांपुढे पांढरं झालं. मी ओठ आत घेतले.

“माप दोन-चारचं न तुह्यं?”

“हाव.”

“जाऊन नाई राह्यली.” तिने एक माप मोठी, दोन-सहाची घेतली, परत दाबलं. “हे बी अडकते. सुजलं हाय व इथं. अन गरम लागून राह्यलं.”

“उन्हाचं असन.”

“उन्हाचं?” तिने माझा हात सोडला नाही. “मले हात दाबता दाबता जलम गेला. तुह्या मायचं माप असंच वाढलं होतं आधी. मंग हिचं. लगनात दोन-दोनची होती ही, लेकराच्या बारशाले दोन-सहा लागली मले.”

आई आत चहा करत होती. मी आवाज खाली घेतला.

“मावशी, दोन-आठच्या भर अन चूप बस.”

म्हातारीला असं बोलायला नको होतं. ती दोन-आठच्या भरत गेली, आणि प्रत्येक बांगडीला मी ताईच्या डोक्यावरून समोरच्या भिंतीकडे पाहत राहिले. ताई माझ्या हाताकडे पाहत होती. हातच्या काकणाला आरसा कशाला, तिला ते हात ओळखायला कोणत्या डॉक्टरची गरज नव्हती. पण ती एवढंच म्हणाली, “हिरव्या नको व मावशी, हिले लाल भर.” मला वाटलं, निसटलं.

आई चहा घेऊन आली आणि उंबऱ्यात टेकली. आमचे भरलेले हात तिने पाहिले आणि एकदम म्हणाली, “तुमा दोघीचं सगळं जुळते म्हनते डाक्टर. मंग हे बी जुळन का व?”

“काय?”

“हे.” तिने स्वतःची वाकडी बोटं पुढे केली. “महामायाले म्याच देल्लं हे. दुसरं कोनी नाई. शीला वाचली, येवढ्यावरच मले झोप लागते.”

“नाई जुळत माय, त्याचं येगळं असते,” मी म्हणाले. आशाताई म्हणून माझ्या शब्दाला घरात वजन होतं, आई चहा प्यायला लागली.

समितीच्या आदल्या दिवशी आम्ही चौघं संभाजीनगरला पोचलो आणि हॉस्पिटलसमोरच्या लॉजवर उतरलो. संध्याकाळी फोन आला की समितीच्या साहेबांना दुपारी दुसरीकडे जायचं आहे, तुमचं सकाळी नऊला घेऊ. प्रेमानंद खुश झाला, लवकर मोकळं होऊ म्हणाला. मला रात्रीचं जेवण गेलं नाही.

पाचला उठून मी न्हाणीत गेले. गिझर बंद. खाली चहावाल्याकडे गेले, त्याचं शटर बंद. मी दोन्ही हात काखेत घालून लॉजच्या जिन्यात बसले, बोटं एकेक करून गुडघ्यावर दाबत राहिले. साडेआठपर्यंत ती जेमतेम निम्मी वळत होती.

समितीच्या खोलीबाहेर एका कारकुनाने फॉर्म पुढे केले. सात ठिकाणी सह्या होत्या. पहिल्या सहीला पेन निसटलं. दुसरी केली ती त्याने आधारच्या कागदाशी धरून पाहिली.

“जुळत नाही हो बाई. अंगठा लावता का?”

“अख्ख्या गावाच्या बायांचा अंगठा सोडवून सही शिकवली मी,” मी म्हणाले, “आणि मला अंगठा लावायला सांगता?”

त्याने फॉर्म परत माझ्यापुढे सरकवला. मी पळी धरावी तसं पेन मुठीच्या फटीत धरलं आणि सातही सह्या ओढल्या. पाठीवरून घाम वाहत होता. प्रेमानंद बाजूला उभा होता. “घाबरू नको,” म्हणाला. तो त्या सह्यांकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिला असं मला वाटलं.

आत तीन माणसं होती, त्यांच्याबरोबर डॉक्टर इरा, आणि एक जण कॅमेरा लावून बसलेला. सगळं रेकॉर्ड होतं, असं त्यांनी आधीच सांगितलं. मी हात मांडीवर पदरात ठेवले.

“कोणी दबाव आणला?”

“नाही.”

“पैसे, जमीन, काही कबूल केलं?”

“नाही. बहीण आहे माझी.”

“साखर, रक्तदाब, सांधे, कुठला आजार? कुठलं औषध चालू?”

कॅमेऱ्यावरचा लाल दिवा माझ्याकडे पाहत होता. “नाही,” मी म्हणाले.

प्रेमानंदला विचारलं, त्याने संमती दिली. आम्हाला बाहेर बसवलं आणि ताईला एकटीला आत नेलं. दारावरून पडदा सरकला. दहा मिनिटं झाली. माझं तर पाच मिनिटांत झालं होतं. भाऊजी फेऱ्या मारायला लागले. वीस मिनिटं झाली तेव्हा डॉक्टर इरांनी दार उघडून मला एकटीला बोलावलं.

ताई खुर्चीत बसली होती, माझ्याकडे न पाहता.

“तुमच्या ताई म्हणतात, आधी तुमचे हात बघा,” मॅडम म्हणाल्या. “द्या बरं.”

मी दिले. त्यांनी माझा उजवा पंजा हातात घेतला आणि बोटांच्या मुळाशी दाबला, अगदी जनकाबाईसारखा. कुठे शिकल्या कोण जाणे.

“दुखतं?”

“नाही.”

त्यांनी डावा दाबला. भिंतीवर नेत्रदानाचं पोस्टर होतं, त्यातल्या बाईच्या डोळ्यांकडे मी पाहत राहिले. “नाही,” मी म्हणाले, आणि आवाज सरळ आला. मॅडमनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी खांदे उडवले. घटकाभर मला वाटलं की मी जिंकले.

“मूठ वळ शीला,” ताई म्हणाली.

“ताई, तू गप बस.”

“वळ न. दाखव मॅडमले.”

साडेनऊ झाले होते. मी वळली. बोटं अर्ध्यावर आली आणि थांबली. सगळे बघत होते. मी डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं धरली आणि आत लोटली, जशी भरलेल्या पेटीचं झाकण लोटतात तशी. तोंडातून काय आवाज निघाला तो माझा मलाच अनोळखी होता. मॅडमनी पटकन माझे हात धरून सोडवले, आणि कॅमेरावाल्याने न सांगता कॅमेरा बंद केला.

“किती दिवस?” मॅडमनी विचारलं.

मी ताईकडे वळले.

“काऊन बोलली तू? सह्या झाल्या होत्या. सगळं झालं होतं. त्या गोळ्या म्या आनल्या ताई. मायच्या चिठ्ठीवर, सोळा वर्सं, म्याच आनल्या.”

“मले माईत हाय.”

“मंग घे न माही किडनी. घेत काऊन नाई?”

“घेतली असती. देवाशप्पथ घेतली असती, मले जगन्याची हाव नाई का?” ताईचा आवाज फुटला. “चार दिवस झोपली नाई मी. बांगड्या भरताना पाह्यलं, तवाच समजलं मले. मनात आलं, चूप राहावं. घेऊन घ्यावी अन मंग माईत नव्हतं म्हनावं. आज आत बसली तवालोग मी चूपच राहनार होती.”

“मंग?”

“इथं मले विचारलं, देनारी पुढं ठीक राहीन हे तुमाले पटते का. माह्या तोंडातून हाव निंगालंच नाई.” तिने तिचा उजवा हात वर केला. त्यावरच्या लाल-हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या. “एका किडनीवर तू काय खाशीन व? हात असे झाल्यावर? मी तुही किडनी पोटात घेऊन तुह्याकडं पाहत बसू?”

“दिवाळीपासून,” मी मॅडमना सांगितलं. मग मॅडमनी माझ्यासमोर खुर्ची ओढली. त्या म्हणाल्या, चार-पाच महिनेच झालेत, आता औषध लागलं तर हात वाचण्याची चांगली आशा आहे, ताईंना मिळाली नाही ती वेळ तुमच्याकडे अजून आहे. मी विचारलं, बरं झाल्यावर देता येईल का. नाही म्हणाल्या. मी विचारलं, दोन वर्षांनी.

“नाही, धम्मशीलाताई. कधीच नाही. मी त्यांचं नाव यादीत घालते. कोणी मरणोत्तर दिली तर मिळेल. वेळ लागतो, तो किती ते मी सांगू शकत नाही.”

मला ताईचा राग आला. इतका राग मला आयुष्यात कोणाचाच आला नव्हता. आणि खोटं कशाला बोलू, त्या रागाच्या तळाशी सुटल्यासारखंही वाटलं, आणि त्याची मला इतकी लाज वाटली की मी तिथेच तोंड झाकून बसले. ताईनेच मला धरून बाहेर आणलं. जिला उभं राहायला दोन माणसं लागतात, तिने.

पुढचे दोन तास त्याच हॉस्पिटलात सांध्यांच्या डॉक्टरकडे गेले. रक्त घेतलं, हातांचे फोटो काढले, आठवड्यातून एकदा खायची गोळी लिहून दिली. बसस्टँडवर प्रेमानंदने माझा हात मांडीवर घेतला आणि बोटाबोटाने चाचपून पाहिला.

“ज्वारी चांगलीच होती म्हंजे,” तो म्हणाला. मग बराच वेळ तो दुसरीकडे पाहत बसला, आणि मला कळलं की त्याला माझ्यासमोर डोळे पुसायचे नव्हते.

गाडी पुढे खामगावला जाणार होती, पण ताई आमच्याबरोबर उंद्रीलाच उतरली. आईला मीच सांगते, म्हणाली. काय सांगणार, ते मी विचारलं नाही. दिवस कलायला आला होता. आई ओट्यावर बसलेली होती, आम्हाला पाहून भिंतीला धरून उभी राहिली.

“भेटली का तारीख?”

“नाई माय,” ताई म्हणाली. “शेवटच्या तपासनीत जुळलं नाई. शीलाचं अन माह्यं येगळंच निंगालं.”

मी पिशवी छातीशी धरून उभी होते. त्यात माझ्या गोळ्या होत्या. आईचा चेहरा आक्रसला. तिने ताईला जवळ घेतलं, तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, आणि म्हणाली, “मंग आता कसं व बाई?”

“यादीत नाव घातलं. लागन नंबर. तवालोग मशीन हायच.”

आईने पदराने डोळे पुसले. मग ती माझ्याकडे वळली. तिच्या डोळ्यांत अजून पाणी होतं, पण तिच्या कपाळावरचं काहीतरी सैल झालं होतं, जे ताई सव्वीसची असल्यापासून मी कधी सैल झालेलं पाहिलं नव्हतं.

“येगळं निंगालं म्हंजे,” ती हळूच म्हणाली, “माह्यं नाई तुह्यात. तू बापावर गेली.”

मी ताईकडे पाहिलं. ताईने मान हलवली, अगदी थोडी.

“हाव माय,” मी म्हणाले.

“एक तं वाचली.” आईने तिच्या वाकड्या बोटांनी माझे दोन्ही हात धरले आणि होता नव्हता तेवढा जोर लावून दाबले. दाबत राहिली, सोडेचना. मी हात तसेच राहू दिले.